सेन्सर बदलूनही बझर थांबत नाही? इंजिन काढू देऊ नका, आधी तारा बघा

तुमच्या पोस्टमधलं दुखणं थोडक्यात असं: ३२ फुटी जुनी शिडाची बोट, तीन सिलिंडरचं डिझेल. मांडव्याहून परतताना शीड आणि इंजिन दोन्ही चालू होतं, तेव्हा ऑइलचा दिवा अधूनमधून लुकलुकला. वर्कशॉपने प्रेशरचा सेन्सर बदलून दिला. तेव्हापासून इंजिन सुरू होताच प्रेशर गेजचा काटा ५ बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) जाऊन आदळतो आणि बझर काही केल्या थांबत नाही. आता तेच वर्कशॉप म्हणतंय, पंप किंवा बेअरिंग गेलंय, इंजिन बाहेर काढावं लागेल.

काढू देऊ नका. निदान एवढ्यात तरी नको. या एका वाक्यापायी माझा अख्खा सीझन पाण्यात गेलाय, आणि तोही बोट पाण्यात नसताना.

ऑइलची पातळी, फिल्टर, बॅटरी हे सगळं बघून झालंय असं धरून चालतो. नव्या सेन्सरच्या डोक्यावर दोन टोकं आहेत का बघा. असतील तर बहुधा एकाजवळ 'जी' आणि दुसऱ्याजवळ 'डब्ल्यूके' अशी बारीक अक्षरं कोरलेली सापडतील. 'जी' गेजसाठी, 'डब्ल्यूके' दिवा आणि बझरसाठी. एकाच डबीत दोन वेगळे संसार असतात. गेजच्या बाजूला प्रेशरप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स, तर बझरच्या बाजूला साधा स्विच. प्रेशर नसताना तो स्विच जोडलेला असतो, प्रेशर आलं की सुटतो. आता या दोन तारा उलटसुलट लागल्या तर काय होईल? इंजिन बंद असताना गेजला स्विचमधून सरळ अर्थ (अर्थिंग, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमधून बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड) मिळतो, म्हणून काटा शून्यावर. इंजिन सुरू झालं की स्विच सुटतो, गेजचा अर्थ तुटतो आणि युरोपियन पद्धतीच्या गेजचा काटा पार टोकाला जातो. तिकडे बझरला रेझिस्टन्समधून करंट मिळतच राहतो, तो बोंबलत बसतो. तुम्ही लिहिलंय ते हेच. दोन्ही थिंबल (तारांच्या टोकाच्या धातूच्या कड्या) काढा, अदलाबदल करून लावा आणि चावी फिरवा. नव्वद टक्के काम तिथेच संपेल असं मला वाटतं. बोट समोर नाही, तेव्हा पैज मात्र लावणार नाही.

आता माझं रडगाणं. माझं इंजिन जुनं यानमार, पण पॅनेल आधीच्या मालकाने बदललेलं, गेज युरोपियन. सेन्सर बसवला एका अधिकृत म्हणवणाऱ्या सर्व्हिसवाल्यांनी. नाव घेत नाही, मुंबईत बोट ठेवणाऱ्यांना अंदाज येईलच. त्यांनी लावला अमेरिकन रेंजचा सेन्सर. दिसायला दोन्ही सारखेच. फरक असा की युरोपियन सेन्सर शून्य प्रेशरला साधारण १० ओहम दाखवतो आणि पूर्ण प्रेशरला १८४. अमेरिकन नेमका उलटा, शून्याला २४० आणि पूर्णला ३३. परिणाम काय, तर चावी फिरवली, इंजिन अजून बंद, आणि काटा ५ बारवर! सुरू केलं की खाली येतो. रेस वाढवली की आणखी खाली. रेस वाढल्यावर प्रेशर पडतंय, हे बघून कुठल्याही फिटरच्या मनात पहिली शंका गेजची यायला हवी होती. यांच्या इंजिनिअर साहेबांनी काटा बघितला तो थेट इंजिन चालू असताना, आणि निदान दिलं, "मेन बेअरिंग. ओव्हरहॉल."

मी म्हटलं, बंद इंजिनला प्रेशर कुठून येतंय? तर म्हणे, जुन्या इंजिनांचं असंच असतं. पुढे तेच: जॉब कार्ड उघडा, अ‍ॅडव्हान्स भरा, फोटो मेल करा, साहेब सुट्टीवर आहेत. ऑक्टोबरात सुरू झालेलं प्रकरण मार्चपर्यंत चाललं. इंजिन शेडमध्ये उघडं पडलेलं, बेअरिंग मापात ठीक, तरी "खोललंच आहे तर" म्हणून नवी घातली. परत बसवल्यावर काटा? तसाच, रेस वाढवली की खाली. सेन्सर परत घ्या म्हटलं तर इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत. मे उजाडला, आणि पावसाळ्यासाठी गेटवेसमोरून बोट हलवायची वेळ झाली.

शेवटी सोडवलं ते ससून डॉकला ट्रॉलरची कामं करणाऱ्या एका मिस्त्रीने. त्याने गेजकडे बघितलंसुद्धा नाही. सेन्सर काढला, त्या भोकात पितळी अ‍ॅडॅप्टर घालून काट्याचा साधा मेकॅनिकल गेज, विजेशिवाय थेट ऑइलच्या दाबावर चालणारा, पिळला आणि म्हणाला, मारा सेल्फ. इंजिन गरम झाल्यावर रेसला साडेतीन किलो (एक किलो म्हणजे साधारण एक बार), आयडलला दीडच्या वर. "मशीन ठीक आहे, डोकं खराब आहे," असं म्हणाला. कोणाचं डोकं, ते त्याने सांगितलं नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजल्याशिवाय ऑइल प्रेशरवर बोलणाऱ्या माणसाला इंजिनाला हात लावू देऊ नये. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ०–७ किलोचा गेज, नळी, अ‍ॅडॅप्टर सगळं मिळतं. फक्त आटे जपा. माझ्या ब्लॉकमध्ये १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाचा पाइप आटा) आहे, इंचाला २८ आटे. बाजारातले बरेच सेन्सर १/८ एनपीटी (अमेरिकन मापाचा), इंचाला २७. चुकीचा आटा पहिले दोन-तीन फेरे गुपचूप आत जातो, मग घट्ट होतो, आणि आपल्याला वाटतं छान बसला. तिथे पाना लावून जोर केला की ब्लॉकचे आटे गेले. हाताने जेवढं फिरतं तेवढं फिरवा, अडलं की थांबा.

टेफ्लॉन टेपचंही तसंच. तुमच्या सेन्सरला वेगळी निगेटिव्ह तार नसेल तर त्याचा अर्थ आट्यांमधून ब्लॉकला मिळतो. वर टेपचे पाच-सहा वेढे असतील तर तो अर्थ कच्चा होऊ शकतो. दरवेळी होतंच असं नाही, बहुतेकदा आटे टेप कापून धातूला लागतात. पण रीडिंग भटकत असेल तर मल्टीमीटरचं एक टोक सेन्सरच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघा.

मूळ लुकलुक राहिलीच. ती खरीसुद्धा असू शकते, उगाच घाबरवत नाही. शीड भरलेलं, बोट एका अंगावर कललेली आणि इंजिनही चालू, अशा वेळी ऑइल इंजिनाखालच्या पॅनमध्ये एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाला हवा लागते. बोट सरळ केल्यावर दिवा विझत असेल तर कारण तेच. बोट सरळ असताना, इंजिन चांगलं तापल्यावर, फक्त आयडलला लुकलुकत असेल तर आधी आयडलचे आरपीएम तपासा. ऑइलला डिझेलचा वास येतोय का तेही बघा. आणि कशाचाही ताळमेळ नसेल तर तार. खाऱ्या हवेत साधी तांब्याची तार बाहेरून ठणठणीत दिसते, इन्शुलेशन सोललं की आत काळी भुकटी. कथील चढवलेली तार वापरा, महाग पडते पण परत परत खाली वाकावं लागत नाही.

तापमानाच्या अलार्मबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण तो जास्त फसवा आहे. ऑइलचा स्विच इंजिन बंद असताना जोडलेला असतो, म्हणून चावी फिरवल्यावर तो ओरडतो आणि निदान कळतं की तार शाबूत आहे. तापमानाचा स्विच गरम झाल्यावरच जोडला जातो. त्याची तार तुटली तर तो कायमचा मुका, आणि आपण खुशीत. दर सीझनला चावी चालू ठेवून ती तार काढा आणि ब्लॉकला टेकवा. बझर वाजलाच पाहिजे. शिवाय कूलंट गळून गेलं असेल तर हा स्विच कोरडा पडतो आणि वेळेवर काही सांगत नाही. आपल्या बंदरात इंजिन तापण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इनटेकला, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तोंडाला, चिकटलेली प्लास्टिकची पिशवी. समुद्राचं पाणी बंद झालं की आधी एक्झॉस्टचा रबरी पाइप भाजतो, कूलंटचा अलार्म मागाहून येतो. म्हणून एक्झॉस्ट पाइपला बांधायचा वेगळा सेन्सर मी लावून घेतलाय. माझ्या मते जुन्या बोटीवर गेज एक वेळ नसला तरी चालेल, हा हवा.

बझर ओरडला तर काय, यावर लोक भांडतात. मी ऑइलला लगेच इंजिन बंद करतो. तापमानाला आधी न्यूट्रल, मग मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघतो, नसेल तर बंद. जहाजांच्या चॅनेलमध्ये असाल तर अर्थात आधी बाजूला व्हा. शिडाची बोट आहे, शीड चढवा. बझरची तार कापून "तात्पुरतं" घरी जाणारे महाभाग मी पाहिलेत.

तारा बदलण्याआधी एक करा. चावी बंद, सेन्सरच्या दोन्ही तारा काढलेल्या, आणि 'जी'पासून सेन्सरच्या अंगापर्यंत ओहम मोजा. १० च्या आसपास आलं तर अदलाबदल करून मोकळे व्हा. २४० च्या आसपास आलं तर तुम्हालाही माझ्यासारखाच चुकीच्या रेंजचा सेन्सर गळ्यात मारलाय, मग तारा बदलून भागणार नाही. आकडा आणि गेजच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, पुढचं बघू.