कॅम्परव्हॅन घेतली, पण मुंबईत पाहायचं काय? (उत्तर जरा लांबलंय)

तुम्ही लिहिलंय की ट्रॅव्हलरची (ती मिनीबस) कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करून घेतली, पण सुट्टी शनिवार-रविवारचीच, कोकण लांब पडतं, 'मुंबईत मॉल आणि ट्रॅफिक सोडून आहे काय', आणि रात्री गाडी लावायची कुठे हे कुणी सांगत नाही. आमचंही अगदी हेच रडगाणं होतं.

बॅटरी, पाणी, टॉयलेट हे तुम्हाला ठाऊक असणारच. खरा छळ पार्किंगचा. आम्ही रात्रीच्या मुक्कामाची लेखी परवानगी मागायला एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही. खिडकीवरच्या साहेबांनी आरसी उलटीपालटी केली. "बस नाही, टेम्पो नाही, मग ही आहे काय?" आरसीवर मोटर कॅराव्हॅन असं छापलेलं होतं हो! तिथून वरच्या मजल्यावर, तिथून दुसऱ्या इमारतीत, शेवटी "अर्ज ठेवून जा". पोचसुद्धा दिली नाही. थंडीचे महिने, म्हणजे मुंबईत फिरायचा एकुलता एक बरा मोसम, त्या फाइलमागे गेला. गाडी सोसायटीत उभी, हप्ते चालू, आणि सेक्रेटरी काका लिफ्टमध्ये गाठून विचारणार, "हलणार कधी ही?" असो. बीपी वाढतं.

तर माझं मत (मी वकील नाही, नियम बदलतात, स्वतः खात्री करा): परवानगीच्या मागे लागूच नका. पैसे घेऊन पावती देणारं खासगी आवार शोधा. गोराई, उत्तन, वसई या बाजूला वाडीतली छोटी रिसॉर्ट आहेत. आधी फोन करून गाडीची लांबी-उंची सांगायची. आणि उंची छतावरच्या एसीसकट मोजा, कंपनीच्या कागदावरची नको. उड्डाणपुलाच्या तोंडाशी आडवी कमान दिसली की आठवेल.

एकदा गाडी लावली की तिला हात लावू नका. कॅम्पर प्रत्येक ठिकाणाच्या दारात न्यायची असते, हा समज मुंबईत टिकत नाही. गोराईहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की बोरिवली, पुढे रिक्षाने मंडपेश्वर. साधारण सहाव्या शतकातली शैव लेणी, आत नटराज, डोक्यावर पोर्तुगीजांच्या मठाचे अवशेष, एका भिंतीवर कोरलेला क्रूस. आमचा मुलगा बोरिवलीत शाळेला जायचा, पण आम्ही कधी तिकडे फिरकलो नव्हतो. कान्हेरीची लेणी करायची तर सोमवार टाळा, ती ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत ते बंद असतं. अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा बेसॉल्टचा उभा कडा, वर गावदेवीचं देऊळ. चारी बाजूंनी इमारती आणि झोपड्या आहेत, म्हणून 'त्यात काय पाहायचं' म्हणणारे भेटतील. जाऊन या.

वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये घेतला, एवढं शाळेत पाठ केलेलं असतं. आमच्या आईचा समज होता की वसईचे ख्रिस्ती घरात इंग्रजीच बोलतात. वाडीवरच्या आजी शेजारणीशी सामवेदीत, म्हणजे तिकडच्या मराठी बोलीत, बोलायला लागल्या, तेव्हा आई मध्येच पडून भाजीचे भाव विचारायला लागली, मग तिला उठवणं मुश्कील झालं. किल्ल्याला वेळ कमी पडला, चालायचंच.

त्या बाजूला गेलात तर सुकेळी विचारा. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, त्यामुळे पावसाळ्यात कुणी "ताजी" म्हणून विकायला लागलं तर घेऊ नका.