गंडोलाच्या पलीकडचा बर्फ

प्रश्न : गुलमर्गला गंडोलाने (केबल कारने) वर जाऊन मोकळ्या उतारावर स्कीइंग करायचं आहे. रिसॉर्टच्या आवारातच आहे, म्हणजे सुरक्षित ना? (पुणे)

उत्तर : नाही. हा गैरसमज जिवावर बेततो. गंडोलाचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर, माणूस काही मिनिटांत पोचू लागला. चढून जाणाऱ्याला वाटेत बर्फ कळत जातो : वाऱ्याने कुठे साचवलाय, पाऊल टाकलं की कुठे खालचा थर ‘धप्प’ करून बसतो. गंडोलातून उतरणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. स्की पॅट्रोलची, म्हणजे उतारावरच्या गस्ती पथकाची, देखरेख ठरावीक पट्ट्यापुरती. त्यापलीकडे निखळ हिमालय. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतच्या हापतखुड भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्या फेब्रुवारीत गंडोलाच्या मधल्या कोंगडोरी स्थानकाजवळ एक रशियन. बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि ते वापरायचा सरावही. गाडलेल्याला पंधरा मिनिटांच्या आत काढलं तर वाचण्याची आशा मोठी असते. तेवढ्या वेळात बाहेरून कोणी पोचत नाही, सोबत्यांनीच खणायचं असतं. सोबती नसतील तर उतरूच नका.

प्रश्न : उत्तराखंडमधल्या औलीचा रोपवे बंद पडल्याने कुआरी पासचा ट्रेक अडतो का? (नाशिक)

उत्तर : अडत नाही, औलीला रस्त्याने जाता येतं. पण तो का थांबला, हे लक्षात घ्या. हा रोपवे खालच्या जोशीमठहून निघतो; जानेवारी २०२३ मध्ये त्या जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, मोठी बांधकामं नकोत, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच बजावलं होतं. स्कीइंगचा उतार वर असतो, हॉटेलांचा आणि सांडपाण्याचा भार मात्र खालच्या गावावर पडतो.

प्रश्न : रोपवे, स्की रिसॉर्ट असे प्रकल्प येताना आम्हा ट्रेकर्सना विचारतं कोण? (ठाणे)

उत्तर : कोणी नाही, म्हणून आधीच बोलायला हवं. मनालीजवळ ‘हिमालयन स्की व्हिलेज’ येणार होतं, मोटारींच्या फोर्ड घराण्यातले आल्फ्रेड फोर्ड त्यामागे होते. २००६ मध्ये नग्गरला जगती पूछ, म्हणजे खोऱ्यातल्या देवांची सभा भरली आणि कौल विरोधात गेला. गावकऱ्यांना काळजी होती ती कुरणांची, पाण्याची, जंगलावरच्या हक्कांची. प्रकल्प उभा राहिला नाही. आपल्या क्लबांनी गावकऱ्यांच्या पाठीशी राहावं आणि हिवाळी वाटांचे जीपीएस ट्रॅक ग्रामसभेकडे द्यावेत. नकाशावर वाट दिसली नाही, तर आराखडा करणारा ती जागा रिकामी धरतो.