शेतातला गोठा, गोडाऊन, कांदाचाळ यांचा विमा निघतो का?

औसा तालुक्यात गावापासून दीड किलोमीटरवर तुमचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, तिथे दहा जनावरांचा पत्र्याचा गोठा, त्याला लागून विटांचं गोडाऊन आणि मागे कांदाचाळ. मे महिन्याच्या वादळात शेजाऱ्याचे पत्रे उडून तुमच्या उसात पडले. आता तुम्ही विचारताय की दरवर्षी भरतो त्या पीकविम्यात हे सगळं येतं का, आणि येत नसेल तर वेगळा विमा काढण्यात काही अर्थ आहे का.

पीकविम्यात यातलं काहीच येत नाही. ती योजना पिकाची. गोठ्याचा खांब सोडा, दावणीचा खुंटासुद्धा तिच्यात बसत नाही. वेगळा विमा मात्र निघतो आणि मी स्वतः काढतो. एकदा चुकीचा काढून हात पोळून घेतले आहेत, म्हणून जरा लांबण लावतो. मी भूम तालुक्यातला. म्हशी आहेत, गोठ्याला लागून खव्याची भट्टी आहे. भट्टीचा या गोष्टीशी संबंध आहे, पुढे येईल.

आधी सरकारी मदतीचं सांगतो, कारण "सरकार देतंच की" हे वाक्य पारावर हमखास ऐकायला मिळतं. केंद्राचे आपत्ती मदतीचे २०२२ ते २०२६ या काळाचे निकष असे: सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये. पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६,५००, कच्च्या घराची झाली तर ४,०००. आणि गोठ्याला ३,०००, तोही घराला लागून असलेल्या. तुमचा गोठा शेतात आहे, म्हणजे तिथूनच वादाला सुरुवात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना, मांजरा, गोदावरीच्या काठच्या लोकांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. राज्याने तेव्हा वरून पॅकेज दिलं ते खरं, पण प्रत्येक वादळाला पॅकेज येत नाही. तुमच्या गावात तीन गोठे उडाले म्हणून मुंबईत बैठक बसत नसते.

आता विमा. १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठरावीक मसुद्याच्या तीन पॉलिसी विकाव्या लागतात. राहत्या घरासाठी भारत गृह रक्षा. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या धंद्यासाठी, गोडाऊनसाठी, साठवणीसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. त्याच्या वर ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा, ती आपल्या कामाची नाही. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे सगळं या पॉलिसींच्या पोटातच असतं. एकेक मागून घ्यावं लागत नाही. सरकारी विमा कंपन्यांकडे शेतकऱ्यांसाठी पॅकेज पॉलिसीही असतात, त्यांत घर, पंप, जनावरं, अपघात असे भाग एकत्र घेता येतात.

खरी गोम इथे आहे: कंपनी विमा देते तो कागदावर लिहिलेल्या इमारतीला. कागदावरची इमारत आणि शेतात उभी असलेली इमारत एक नसली, की क्लेमच्या दिवशी तुम्ही उघडे पडता. माझं काय झालं ते ऐका.

माझा गोठा ४० बाय २५ फुटांचा, लोखंडी अँगलवर पत्रे. बांधला तेव्हा तीन लाख लागले होते, म्हणून एजंटाला तीन लाख सांगितले. तो म्हणाला, हप्ता कमी बसेल, बरंच आहे. काही वर्षांनी रोहिणी निघता निघता एका संध्याकाळी वारं सुटलं आणि अर्धं छप्पर बांधापलीकडे. नुकसान एक लाख दहा हजारांचं. नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेअर आला, टेप लावून मोजमाप केलं आणि म्हणाला, हा गोठा आज उभा करायला सहा लाख लागतील. तुम्ही विमा काढला तीनचा, म्हणजे निम्मी जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवली. झाले पंचावन्न हजार. त्यातून मोडक्या पत्र्या-लोखंडाच्या मोडीचे गेले, पॉलिसीतली ठरलेली वजावट गेली, हातात पडले एक्केचाळीस. वर त्याने भट्टी पाहिली. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, एजंटाने नुसतं "जनावरांचा गोठा" लिहिलेलं. जाळाचं काम चालतं हे कुठेच नाही. त्यावर दोन महिने पत्रापत्री झाली. वाऱ्याचं नुकसान होतं म्हणून कसंबसं सुटलो. आग लागली असती तर एक रुपया दिसला नसता, आणि त्यात कंपनीला नावं ठेवायला मला जागाही नव्हती, सही माझीच होती.

तेव्हा किंमत लावताना तीन गोष्टींत घोळ करू नका. जमिनीची किंमत यात धरायची नसते. पूर्वी लागलेला खर्च धरायचा नसतो. आज तसंच बांधायला काय लागेल ते धरायचं, आणि त्यासाठी फॅब्रिकेटरकडून तारीख टाकलेलं कोटेशन घेऊन ठेवायचं. सूक्ष्म उद्यममध्ये आता १५ टक्क्यांपर्यंतची तफावत कंपनी माफ करते. त्याहून जास्त निघाली तर माझ्यासारखी कात्री लागते. गृह रक्षामध्ये क्षेत्रफळ आणि बांधकामाचा दर खरा सांगितलेला असला की ही कात्री नाही.

आखाड्यावर तुमच्या दोन खोल्या असतील आणि कुणी तिथे राहत असेल तर त्यांना गृह रक्षा घ्या. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं संरक्षण आपोआप मिळतं. दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी एकदम घेता येते. पक्क्या घराचा हप्ता वर्षाला काही शे रुपयांत असतो, वर १८ टक्के जीएसटी. पण गोठा आणि गोडाऊन त्याच पॉलिसीत "घर" म्हणून घुसवू नका. एजंट सुचवतात, स्वस्त पडतं म्हणून. कंपनीने घर म्हणून घेतलं आणि सर्व्हेअरला आत म्हशी दिसल्या, तर पुढचं सांगायला नको.

मग कच्चं-पक्कं. आपल्याला वाटतं सिमेंटचं ते पक्कं, बाकी कच्चं. विम्याची व्याख्या वेगळी आहे. भिंत किंवा छप्पर लाकडी फळ्यांचं, गवताचं, पाचटाचं, बांबूचं, प्लास्टिकचं, ताडपत्रीचं असेल तर कच्चं, बाकीचं पक्कं. म्हणजे लोखंडी सांगाड्यावरचा पत्र्याचा गोठा पक्क्यात जातो. तुमची कांदाचाळ मात्र नीट पाहा. लोखंडी अँगल, जाळी, वर पत्रा असेल तर पक्क्यात बसेल. बांबू आणि पाचट असेल तर कच्च्यात, आणि कंपन्या अशा बांधकामाला टाळाटाळ करतात किंवा जास्त दर लावतात. शेडनेटचंही तसंच, त्याचा विमा मागायचा असेल तर वेगळा विषय म्हणून मागा. आणि चाळीतला कांदा सडला तर तो कुठल्याच इमारतीच्या विम्यात येत नाही.

पत्र्यावरून आठवलं. आपल्या भागात पत्रा इतका का वाढला? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीत जे झालं ते दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्यामुळे. त्यानंतर लोकांनी डोक्यावरची माती नको म्हणून पत्रे टाकले, आणि भूकंपाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. पण भूकंपाला जे हलकं छप्पर बरं तेच वाऱ्याला वाईट. त्यात आपण पत्रे हुकांनी आवळायचे सोडून वर धोंडे ठेवतो. वाऱ्यात पत्र्याबरोबर धोंडेही जातात, खाली माणूस असेल तर विम्याचा प्रश्नच उरत नाही. सर्व्हेअरला धोंडे दिसले की तो लिहितो, छप्पर नीट बसवलेलं नव्हतं. जे-हुक, वायसर, वाऱ्याच्या बाजूला जादा कैच्या यांवर आधी दोन पैसे घाला आणि तेव्हाचे फोटो काढून ठेवा.

गोडाऊनमधल्या मालाचा विमा इमारतीपासून वेगळा लिहून घ्यावा लागतो. सोयाबीन, हरभरा, हळद, कापूस, कडबा, जे असेल ते नाव घालून, आणि ऐन हंगामात जास्तीत जास्त किती असतं त्या रकमेचा. कडब्याची गंज उघड्यावर असेल तर तसं स्पष्ट सांगा. "गोडाऊनमधील माल" या शब्दांत अंगणातली गंज येत नाही. ओल्या मालाची थप्पी आतून तापून पेटते, हे तुम्हाला माहीत असेल. जुन्या अग्निविम्यात असं स्वतःच्या उष्णतेने झालेलं नुकसान वगळलेलं असायचं. तुमच्या हाती जुन्या पद्धतीची पॉलिसी असेल तर ते कलम आधी शोधा.

काय मिळत नाही त्याची यादी मोठी आहे, त्यातलं आपल्या रानात नेहमी अडतं ते सांगतो. काळ्या रानात भिंतीला भेगा जाणारच; उन्हाळ्यात जमीन फाटते, पावसात फुगते. जमीन खचण्याचं संरक्षण पॉलिसीत असतं, पण नेहमीचे तडे, नव्या बांधकामाचं बसणं, भराव दबणं, सदोष बांधकाम हे त्यातून बाहेर. पांढऱ्या मातीची जुनी भिंत आठ दिवसांच्या भीज पावसाने बसली, तर पूर की जुनेपणा यावर भांडण ठरलेलं. विजेच्या दाबाने मोटार स्वतःच जळाली तर ती इमारतीच्या विम्यात नाही, तिच्यासाठी कृषी पंपाची वेगळी पॉलिसी असते. मोटारीच्या ठिणगीने शेड पेटलं तर शेडचं मिळतं. जनावर वीज पडून मेलं तर पशुविमा हवा, कानात बिल्ला हवा. निव्वळ चोरीसाठी वेगळा विमा.

गोडाऊनवर बँकेचं कर्ज आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर बहुतेक विमा आधीच निघालेला आहे, हप्ता तुमच्या खात्यातून गेलाय आणि पॉलिसी बँकेच्या फायलीत पडून आहे. जाऊन प्रत मागा. गट नंबर बरोबर आहे का, इमारतीचं वर्णन काय, माल धरलाय का, मुदत संपली का, हे बघा. आमच्या पाहुण्यांकडे पाच वर्षं नुसत्या इमारतीचा हप्ता कापत होते. आतला माल धरलाच नव्हता, हे माल भिजल्यावर कळलं. आणि क्लेमचा पैसा आधी कर्जखात्यात जातो, हेही डोक्यात असू द्या.

नुकसान झालंच तर त्याच दिवशी कंपनीला फोन करा आणि लगेच लेखी कळवा, तक्रार क्रमांक घ्या. सर्व्हेअर येईपर्यंत मोडतोड विकू नका, पण उरलेला माल ताडपत्रीने झाकायला थांबूही नका. नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी धरतात. तलाठ्याकडून पंचनाम्याची प्रत घ्या. वादळाच्या क्लेमला कंपनी हवामानाचा पुरावा मागते. महसूल मंडळाच्या ठिकाणी महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र असतं, तिथे पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही नोंदला जातो. मी तो जोडला होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं कात्रणही जोडलं, आणि गंमत म्हणजे सर्व्हेअरने आधी तेच वाचलं.

क्लेम नाकारला किंवा कमी दिला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाडा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर गोडाऊन आणि त्यातला माल सूक्ष्म उद्यममध्ये आधी घेतला असता, कारण पैसा तिथे अडकलेला आहे. त्याच पॉलिसीत गोठा, वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकमेने. कांदाचाळ बांबूची असेल तर विम्याच्या मागे न लागता यंदा तिचा सांगाडा बदलला असता. प्रपोजल फॉर्म एजंटाला कोरा सही करून देऊ नका. शेजारी बसा, गट नंबर, मापं, छप्पर कशाचं, आत काय चालतं हे स्वतः सांगा आणि भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो घ्या.

आणि उसात पडलेल्या त्या पत्र्यांचं: शेजाऱ्याचा विमा असेल तर ते आहेत तिथेच पडू द्या, सर्व्हेअरला दाखवायला लागतील. तुमचा मोडलेला ऊस मात्र त्याच्या गोठ्याच्या पॉलिसीतून मिळणार नाही. तो तुम्ही दोघांनी बांधावर बसूनच मिटवा.