कॉर्डलेस ड्रिल एक झटका देऊन बंद पडतं, चार्जरवर मात्र हिरवा दिवा. बॅटरी बदलावी का?

तुमचं म्हणणं असं: रत्नागिरीत खाडीलगत घर, 18 व्होल्टचं ड्रिल पावसाळाभर पडवीत होतं. आता बॅटरी फुल दाखवते, पण ट्रिगर दाबला की मशीन एकदा हिसका देतं आणि गप्प. दुकानदार नवीन बॅटरी घ्या म्हणतो.

इतक्यात घेऊ नका. मी दापोलीत मशीनं दुरुस्त करतो. पावसाळा सरला की या तक्रारीची मशीनं येतातच आणि त्यातल्या बऱ्याच जणांची बॅटरी ठणठणीत असते. खारा वारा आधी खातो तो टर्मिनलं, म्हणजे बॅटरी मशीनला जिथे टेकते ती धातूची पाती.

बॅटरी काढा आणि मुठीच्या खाली, ती जिथे बसते तिथे टॉर्च मारा. धातूच्या पात्यांवर हिरवट किंवा पांढुरकी पूड दिसते का? मल्टीमीटर इथे फसवतो. नुसतं मोजलं तर 20 व्होल्ट येतात, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. मोटर सुरू होताना सहज 20 अँपिअर ओढते. गंजामुळे सांध्यात अर्धा ओहम जरी अडथळा असला तरी 10 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. मग मोटर हिसका देऊन थांबणार नाही तर काय?

आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाईलवाल्याकडे मिळतं. त्यात जुना टूथब्रश बुडवून पाती घासा, चिवट डागावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. बॅटरीच्या खाचांत धातूचं काहीही घालू नका, शॉर्ट झाली तर नुसती ठिणगी नाही, आग लागते. पूर्ण वाळल्यावरच बॅटरी चढवा. तुमचं काम बहुतेक इथेच होईल.

नाही झालं तर बॅटरीवर भार टाकून मोजा. गाडीच्या ब्रेकलाइटचे 12 व्होल्ट, 21 वॉटचे दोन बल्ब एकामागे एक जोडून बॅटरीला लावा. व्होल्टेज थोडं उतरून टिकलं तर बॅटरी बरी. झरझर 14-15 वर आलं तर आतल्या पाचपैकी एखादा सेल बसलाय. तेव्हा दुकानदाराचं खरं. सेल बदलायला स्पॉट वेल्डिंग लागतं, घरी सोल्डरिंग आयर्न टेकवू नका. पॅक फुगलेला दिसला तर चार्जही करू नका.

बॅटरी बरी निघाली तर बॉडीचे स्क्रू काढा. ट्रिगर दाबून मोटरच्या दोन वायरींवर व्होल्टेज बघा. येत नसेल तर स्विच गेला. तो उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही, त्याच्यावरचा नंबर दाखवून तसाच दुसरा आणा. व्होल्टेज येऊनही मोटर फिरत नसेल तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) बघा. चिऱ्याच्या भिंतीला भोकं पाडली असतील तर ती तांबडी धूळ दमट हवेत चिकट होऊन कार्बन होल्डरमध्येच अडकवते. स्प्रिंग असूनही तो कम्युटेटरला, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या तांब्याच्या कड्याला, टेकत नाही. बाहेर काढून पुसला की पुन्हा सरकतो. मशीनवर ब्रशलेस लिहिलेलं असेल तर त्यात कार्बन नसतात आणि मोटरला दोन नव्हे, तीन जाड वायरी असतात. ते मात्र दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

पुढच्या पावसाळ्यात बॅटरी काढून, अर्धी चार्ज करून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पडवीत नको.