चौथीच्या वर्गात ‘इस्लाममधील निष्ठा’ हा विषय एका दिवसाच्या तासिकांत कसा शिकवावा?

आपण घणसोलीच्या शाळेत चौथीला शिकवता, सर्वधर्म परिचयाच्या उपक्रमात हा विषय आपल्या वाट्याला आला आहे, वर्गात मुस्लिम मुले तीनच आहेत आणि हाताशी एकच दिवस आहे. तेव्हा कलमा, नमाज, जकात, रोजा आणि हज या पाच आधारस्तंभांचा तक्ता पाठ करून घ्यावा की आणखी काही करता येईल, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात राबोडीजवळच्या शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते. तक्ता जरूर करावा, परंतु तो दिवसाच्या शेवटी, असे माझे मत आहे. नुसती कर्तव्ये सांगितली की ‘ते लोक असे करतात’ एवढेच मुलांच्या लक्षात राहते. तेच कर्तव्य कोणावर आहे आणि कोणाला त्यातून सूट आहे हे सांगितले, की मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. त्यासाठी वेगळी तासिकाही लागत नाही.

आधी एक मर्यादा आखून घ्यावी. संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत सहभागी करता येत नाही. धर्मांविषयी माहिती देणे मात्र यात मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून कलमा वर्गाकडून म्हणवून घेऊ नये आणि नमाजचा अभिनयही करून घेऊ नये. गोष्ट सांगावी, कृती करवू नये. ईश्वर एक आहे आणि मुहंमद पैगंबर त्याचे प्रेषित आहेत, अशी ग्वाही म्हणजे कलमा, एवढे परिपाठात प्रतिज्ञा झाल्यावर सांगितले तरी पुरते. हात पुढे करून आपण रोज काय कबूल करतो, हे त्या निमित्ताने मुलांना विचारून पाहावे. बहुतेकांना शब्द पाठ असतात, पण त्यात आपण नेमके कशाला हो म्हटले ते सांगता येत नाही.

गणिताच्या तासाला जकात, म्हणजे गरजूंसाठीचे सक्तीचे दान, घ्यावी. वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीतून शेकडा अडीच याप्रमाणे ती द्यायची असते. चौथीला टक्केवारी नसते, त्यामुळे तिकडे वळू नये. चाळिसावा भाग म्हणावे. मी जोडीजोडीने चाळीस चिंचोके वाटते, ते दहा-दहाच्या ओळींत मांडायला सांगते आणि त्यांतला एक बाजूला काढायला लावते. मग ऐंशी, एकशेवीस, दोनशे. पूर्वीच्या शाळांत अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, पाठ असायची. घरी आजी-आजोबा असतील तर ती विचारून यायला सांगावे, मुलांना फार गंमत वाटते. चिंचोके मोजता मोजता एका मुलीने मला विचारले होते, “बाई, ज्याच्याकडे चाळीस नाहीतच, त्याने काय करायचं?” या पाठाचे सार त्या प्रश्नात आहे. त्याने काहीच द्यायचे नसते, उलट तो घेण्याचा हक्कदार असू शकतो. जकात लागू होण्यासाठी संपत्तीची किमान मर्यादा असते, तिला निसाब म्हणतात. आपल्याकडे ती साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगितली जाते. हा जुना तोळा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा; आजच्या सराफाचा दहा ग्रॅमचा तोळा धरला तर हिशेब चुकतो. राहते घर आणि रोजच्या वापरातील वस्तू यांत मोजल्या जात नाहीत.

परिसर अभ्यासाच्या तासाला मैदानावर एक काठी रोवावी. पाच नमाजांच्या वेळा सूर्यावरून ठरतात: पहाटेची फजर, मध्यान्ह ढळल्यावरची जोहर, तिसऱ्या प्रहरीची असर, सूर्यास्तानंतरची मगरिब आणि रात्रीची इशा. काठीची सावली सर्वांत आखूड होऊन पुन्हा वाढू लागली की जोहरची वेळ सुरू होते, हे मुलांना खडूच्या खुणांनी स्वतः टिपता येते. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरची असल्यामुळे ठाणे-नवी मुंबईत हा क्षण घड्याळातल्या बाराला नव्हे, तर साडेबाराच्या आसपास येतो. शाळा दुपारची असेल तर असरही पाहता येते. मध्यान्हीच्या सावलीत काठीच्या उंचीइतकी भर पडली की शाफई या इस्लामी विधिपरंपरेत असरची वेळ होते, हनफी या दुसऱ्या परंपरेत दुप्पट भर पडावी लागते. आपल्या ठाणे-रायगड पट्ट्यातले कोकणी मुस्लिम बहुधा शाफई, तर उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेली बरीचशी कुटुंबे हनफी. त्यामुळे एकाच गावातल्या दोन मशिदींच्या वेळापत्रकांत फरक दिसतो आणि ‘सगळे मुसलमान सारखेच’ ही समजूत मुलांच्या मनात घर करत नाही. दिशाही तिथेच दाखवावी. मक्का येथून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे. घणसोलीतून पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून खाडीकडे तोंड केले की दिशा जवळपास मिळते.

रोज्याविषयी मुलांना आधीच बरेच माहीत असते, म्हणून त्यातून कोणाला सूट आहे यावरच भर द्यावा. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर स्त्री आणि लहान मुले यांना रोजा सक्तीचा नाही. मोठ्यांनी राहिलेले रोजे पुढे भरून काढायचे असतात आणि ज्याला वार्धक्यामुळे कधीच शक्य नाही त्याने त्याबदल्यात गरिबाला जेवू घालायचे असते. रमजान कधी हिवाळ्यात तर कधी उन्हाळ्यात का येतो, हे पंचांग दाखवून समजावता येते: हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र, वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते आणि त्यात आपल्यासारखा अधिक मास धरत नाहीत, म्हणून दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 साली तर तो जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये असा दोनदा सुरू होईल. हजबद्दल एवढेच पुरे, की प्रकृती आणि ऐपत असेल त्याने आयुष्यात एकदा जायचे आणि मागे राहणाऱ्यांच्या खर्चाची सोय करून जायचे.

आता त्या तीन मुलांविषयी. “सांग रे, तुमच्यात कसं असतं?” असे वर्गासमोर कोणालाही विचारू नये. नऊ वर्षांच्या मुलाला एका समाजाचा प्रवक्ता करणे अन्यायाचे आहे. शिवाय त्याच्या घरी पाचही नमाज होत नसतील तर त्याला उगीच ओशाळे वाटते. स्वतःहून बोलला तर आनंदच आहे. त्या दिवसाचे वेळापत्रक आदल्या आठवड्यात सर्वच पालकांना पाठवावे, निवडक घरांना नव्हे. दिवस रमजानमधला असेल आणि कोणी हौसेने रोजा ठेवून आला असेल, तर पोषण आहाराच्या वेळी त्याचे कौतुकही करू नये आणि त्याला आग्रहही करू नये. खेळाच्या तासाला मात्र त्याच्याकडे लक्ष ठेवावे.

शेवटच्या तासाला तक्ता करताना स्तंभांच्या नावांपुढे ‘कोणावर’ आणि ‘कोणाला सूट’ असे दोन रकाने ठेवावेत. मूल्यमापनासाठी नावे लिहायला न सांगता माणसे द्यावीत: मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारी आजी, काहीच शिल्लक न टाकू शकलेला रिक्षाचालक, रमजानमध्ये ठाण्याहून लखनौला निघालेला प्रवासी. चौथा माणूस थोडा अवघड द्यावा: दोनदा हज करून आलेला, पण जकातीचा हिशेब दरवर्षी पुढे ढकलणारा व्यापारी. त्याच्यावर मुले भांडतील. त्या प्रश्नाला गुण ठेवू नयेत आणि घंटा होईपर्यंत त्यांना बोलू द्यावे.