बोरिवलीच्या नॅशनल पार्कात केशरी पक्षी दिसला, फोटो नाही. कोणता असेल आणि पुन्हा कुठे शोधू?

रंग केशरी एवढंच तुम्ही लिहिलंय, पण तो बसला कुठे होता? त्या जंगलात केशरी अंगावर मिरवणारे चार-पाच तरी पक्षी आहेत आणि झाडीतल्या उन्हात तांबूससुद्धा केशरी दिसतो. मी आधी जागा विचारतो, रंग नंतर.

शेंड्यावर असेल तर निखार. नर काळा-केशरी, मादी पिवळी, आणि सहसा थव्याने, या झाडावरून त्या झाडावर. छोटा निखारही तिथेच असतो. त्याचं डोकं राखाडी, केशरी रंग छातीवर. मधल्या फांद्यांत एकटाच, वरून निळा आणि छाती नारिंगी असेल तर टिकेलचा माशीमार. तांबूस पाठ, काळा तुरा असेल तर स्वर्गीय नर्तकाची मादी किंवा कोवळा नर.

पण मैनेएवढा असेल आणि कान्हेरीच्या रस्त्यालगत झुडपात शिरला असेल, मग माझी पैज नारिंगी डोक्याच्या कस्तुरावर. हा जमिनीवरचा गडी. मी दोन वर्षं मान मोडेपर्यंत वर बघत हिंडलो, आणि हा भेटला पार्कातल्याच शिलोंड्याच्या ओढ्याकाठी, पायापासून दहा फुटांवर. पाचोळ्यात खसखस झाली, मला वाटलं उंदीर. पाहतो तर सागाचं वाळकं पान चोचीने उलटवतोय. उलटवलं की थांबायचा, मान तिरकी करून खाली बघायचा, किडा उचलला की पुढचं पान. पाठ निळसर राखाडी, पोट आणि डोकं केशरी, गळा पांढरा, पांढऱ्या गालावर दोन उभ्या काळ्या रेघा. या रेघा लक्षात ठेवा. हिमालयातल्या त्याच्या भाऊबंदांच्या गालावर त्या नसतात, सगळं डोकं केशरी. पुस्तकात तसलं चित्र असेल तर आपला इथला पक्षी ओळखू येत नाही, माझंही तेच झालं होतं.

पुन्हा शोधायचा तर गेट उघडताच आत जा आणि ओल्या, सावलीच्या पाचोळ्याजवळ गप्प बसा. चालत राहिलात तर तो आधी उडतो. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका, विणीच्या दिवसांत तर मुळीच नाही. शिलोंड्याला वनखात्याची परवानगी काढून, सोबत घेऊनच जा. बिबटे आहेत.

तिबोटी खंड्याही केशरी-जांभळा, पण तो चिमणीएवढा. त्याच्यासाठी पावसाळ्यात पनवेलजवळच्या कर्नाळ्याला जा.

आणि फेब्रुवारी-मार्चात जाणार असाल तर पळस-पांगारा फुललेला असतो. मी एकदा दुर्बीण लावून पाच मिनिटं श्वास रोखून एका फुलाकडे बघत होतो. मागच्या आजोबांनी विचारलं, "काय दिसतंय हो?"