नववीच्या नव्या वर्गशिक्षिकेस

आपण प्रथमच नववीचा वर्ग घेत आहात, म्हणून इंदूरमधील माझ्या अनुभवातून थोडे लिहितो. नशेचा संशय केवळ लाल डोळ्यांवरून घेऊ नये. रात्रभर मोबाइल पाहिल्यानेही डोळे लाल होतात. जुने मित्र तुटणे, मधल्या सुट्टीनंतर गायब होणे, घरातले पैसे कमी होणे, हे सारे थोड्याच आठवड्यांत एकत्र दिसू लागले, तर मात्र सावध व्हावे. रामबागेतून येणाऱ्या एका मुलाचा रुमाल सतत नाकाशी असे; सर्दी समजून मी दोन महिने घालवले, आणि एके दिवशी वही तपासताना त्या रुमालाला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला. असे पदार्थ हुंगल्याने पहिल्याच वेळीही हृदय बंद पडू शकते, त्यामुळे ‘गांजा तर नाही ना’ एवढ्यावर समाधान मानू नका. वर्गासमोर दप्तर उपसू नका; मुलाला एकांतात बसवून, आपल्याला जे दिसले तेवढेच सांगा, आणि मग पालकांना व समुपदेशकाला सोबत घ्या. 14446 ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन विनामूल्य आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा फाटकासमोर टपरी असल्यास मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या. तोंडी सांगितलेले कुणी मनावर घेत नाही.